नवरदेवाचा दिवा

सकाळचे साडेसात वाजून गेले तरी नवरदेवाचा दिवा लागला नव्हता.

नवरदेव म्हणजे मासा, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर नंतर घोळ व्हायचा. छोट्याच्या हॉलमध्ये चार फूट लांबीचा फिशटँक होता आणि त्यात आठ रेनबो मासे होते, तीन नर आणि पाच माद्या. नर पुढून निळे-पोलादी आणि कमरेपासून मागे पिकल्या संत्र्याच्या रंगाचे. दोन वेगळे मासे अर्धे कापून कुणीतरी घाईघाईत जोडून दिलेत, असं वाटावं. या जातीची एक खोड असते. सकाळी खिडकीतून उजेड आला की नराच्या कपाळापासून पाठीपर्यंत एक पांढरट-पिवळा पट्टा उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. माद्यांसमोर भाव खायचा तो प्रकार. त्यातला थोरला नर तर इतक्या तोऱ्यात फिरायचा की छोट्याच्या ताईने त्याचं नाव नवरदेव ठेवलं आणि त्या पट्ट्याला दिवा म्हणायला लागली. दोन वर्षांत त्याने एक सकाळ चुकवली नव्हती.

आणि छोट्या म्हणजे काही शाळेत जाणारं पोर नव्हे. वय त्रेपन्न, उंची सहा फूट, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात सीनियर ऑपरेटर, हाताखाली अकरा माणसं. पण थोरल्या बहिणीने लहानपणी जे नाव चिकटवलं ते काही सुटत नाही, पेन्शन लागली तरी सुटत नाही. ताई त्याच्याकडेच राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस, आणि दिवसाला प्यायला मोजून तीन पेले पाणी. फिशटँक आणला तो तिच्याच हट्टाने. त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि म्हणायची, "दोनशे लिटरमध्ये डुंबतायत मेले, आणि मला तीन पेले." मग स्वतःच हसायची. दुसरं कुणी हसलेलं मात्र तिला खपायचं नाही.

आई लवकर गेल्यावर याच ताईने छोट्याला वाढवलं होतं, त्याच्या शाळेसाठी स्वतःची शाळा सोडली होती. हे ती कधी बोलून दाखवायची नाही आणि तो कधी विसरायचा नाही.

तर त्या सोमवारी छोट्या उशिरा उठला. गेले दहा-बारा दिवस केंद्रावर डबल ड्यूट्या झाल्या होत्या आणि आज कुठे सुट्टी मिळाली होती. बनियन-पायजम्यावर, तोंडात ब्रश, असा तो हॉलमध्ये आला आणि टँकपाशी येऊन थबकला.

सात मासे वर आले होते. पाण्याच्या कडेला तोंडं लावून भराभर उघडमीट करत होते, जिना चढून आलेल्या माणसासारखे. संत्र्याचा रंग उतरून धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा झाला होता. नवरदेव एका कोपऱ्यात तिरका लटकला होता, पंख अंगाशी मिटून. आठवा मासा, एक मादी, तळाच्या वाळूवर आडवी पडली होती आणि तिचं तोंड हलत नव्हतं.



"अगं," तो ब्रश तोंडात ठेवूनच ओरडला, "काल इथे काही फवारलंस का? झुरळांचं वगैरे?"

"आलात का माझ्यावर बिल फाडायला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. टँकसाठी तिचं शोकेस गॅलरीत गेलं होतं आणि ते ती अजून विसरली नव्हती. "मी त्या डबक्याच्या वाटेला जात नाही. तुमचं तुम्ही बघा."

छोट्याने बघितलं. हवेचा पंप चालू होता, बुडबुडे येत होते. फिल्टर चालू होता. थर्मामीटर पंचवीसवर होता. सगळं जिथल्या तिथे होतं आणि मासे मरत होते. मग कालपासून बदललं काय? त्याने काल संध्याकाळी एक तृतीयांश पाणी बदललं होतं. पण ते तो दर रविवारी बदलायचा. शनिवारी सकाळी नळाचं पाणी निळ्या ड्रममध्ये भरायचं, झाकण काढून ठेवायचं, रविवारी संध्याकाळी तेच टँकमध्ये ओतायचं. दीड दिवस उघडं राहिलं की पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. दोन वर्षं हेच चाललं होतं.

क्लोरीन उडून जातं.

ब्रश त्याच्या तोंडातच राहिला. गुरुवारपर्यंत उडून जात होतं.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. शहर वाढलं, पाइपलाइन लांबल्या, आणि टोकाच्या वस्तीत पाणी पोचेपर्यंत त्यातलं क्लोरीन संपायला लागलं. म्हणून वरून ठरलं की आता क्लोरीनबरोबर थोडा अमोनिया सोडायचा. दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि मग क्लोरीन पाण्यातून सहजी उडत नाही, टोकापर्यंत टिकतं. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही, कारण पोट ते पचवून टाकतं. पण हेच पाणी पोटात न जाता सरळ रक्ताला भिडलं तर ते रक्तातल्या लाल पेशी फोडतं. माशांचं तसंच आहे, त्यांच्या कल्ल्यांमधून ते थेट रक्तात शिरतं. ड्रम दीड दिवस नाही, आठवडाभर उघडा ठेवला असता तरी पाणी निर्धोक झालं नसतं.

आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला अमोनियाचा तो व्हॉल्व्ह कुणी उघडला होता? छोट्याने, स्वतःच्या हाताने. साहेबांनी पाठ थोपटली होती, फोटो निघाला होता. शहरभर माशांच्या दुकानांना पत्रं गेली होती की आता पाणी नुसतं उघडं ठेवून भागणार नाही, औषध घालावं लागेल. त्या पत्राचा मजकूरही छोट्यानेच लिहिला होता. आणि घरी येऊन शनिवारी, सवयीने, ड्रम भरून झाकण काढून ठेवलं होतं. ज्याला माहीत असतं, तो कशाला स्वतःला पत्र पाठवतो.

"गाढव आहेस तू," तो स्वतःलाच म्हणाला. चूळ भरायला तो बेसिनकडे वळला. पत्रांची यादी अजून त्याच्या डोळ्यांसमोर होती, एकाखाली एक ओळी. माशांची दुकानं सात. बर्फाचा कारखाना. मोठं हॉस्पिटल, तिथलं डायलिसिस. आणि त्याच्या खालची ओळ.

त्या ओळीवर तो आला आणि त्याने ब्रश बेसिनमध्ये टाकला.

खालच्या ओळीत ताईचं डायलिसिस सेंटर होतं. टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, चार मशीनचं, लहानसं. यादी करताना त्याने ते नाव लिहिलं होतं आणि मग लाल पेनने खोडून पुढे लिहिलं होतं, 'तोंडी'. ते तर आपलंच सेंटर. सोमवार-गुरुवार आपण ताईला घेऊन जातोच, टेक्निशियन बाई चहा विचारतात, त्यांना कसलं सरकारी पत्र पाठवायचं, समोरासमोर नीट समजावून सांगू. असा त्याचा साधा, सरळ, घरगुती विचार. त्यानंतर डबल ड्यूट्या लागल्या. तीन खेपांना ताईला बायको घेऊन गेली. बुधवारी साहेबांनी विचारलं, "सगळ्यांना कळवलं?" यादीवर प्रत्येक ओळीपुढे खूण होती, त्या ओळीपुढचं 'तोंडी' हीसुद्धा खूणच. छोट्या म्हणाला, "हो साहेब," आणि त्याने सही केली.

"ताई कुठाय?" त्याने विचारलं. 

"गेली की. सात वाजता मी रिक्षात बसवून दिलं." बायको हात पुसत बाहेर आली. "म्हणाली, त्याला झोपू दे, मरमर काम केलंय. अहो, काय झालं? असे पांढरेफटक का पडलात?"

भिंतीवरच्या घड्याळात सात छत्तीस झाले होते. साडेसातला पहिली पाळी लागते. सुया टोचणं, नळ्या जोडणं, पंधरा-वीस मिनिटं. एका बैठकीला शंभराच्या वर लिटर पाणी लागतं, आणि ते पाणी रक्ताच्या इतकं जवळून जातं की मध्ये फक्त एक पापुद्रा असतो. छोट्याने सेंटरला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. या वेळी तिथे सगळ्यांच्या हातात मोजे असतात, फोन कोण उचलणार. ताईला लावला तर आतल्या खोलीत तिच्या उशाखाली वाजला.

"कपाटात खालच्या खणात हायपोचे खडे आहेत," तो चपला शोधत म्हणाला. "साखरेसारखे दिसतात, क्लोरीन मारतात. चमचाभर तांब्यात विरघळव आणि टँकमध्ये ओत. आणि सेंटरला फोन लावत राहा. कुणी उचलला तर सांग, मशीन बंद करा. एवढंच सांग, मशीन बंद करा."

"मी ओतू? मला त्यातलं काही कळत नाही. आणि ताईंना काय झालंय?"

"अजून माहीत नाही," छोट्या म्हणाला आणि जिना उतरला.

स्कूटरच्या डिकीत केंद्राची तपासणीची पेटी होती, ती तेवढी त्याने उघडून बघितली. दोन काचेच्या नळ्या, गोळ्यांच्या पट्ट्या, रंगांची चकती. सगळं जागेवर होतं.

सेंटर अडीच किलोमीटरवर. रोजचा रस्ता, डोळे मिटून जाईल असा. पण त्या दिवशी त्या रस्त्याला अंतच नव्हता. चौकात सिग्नल लाल झाला आणि आकडे नव्वदपासून उलटे मोजायला लागले. पुढे बस आडवी, मागे टेम्पो, हलायला जागा नाही. शेजारच्या दुकानापुढे एक बाई बादलीभर पाणी शिंपडत होती. कोपऱ्यावरच्या नळाला एक म्हातारा ओंजळ लावून पाणी पीत होता. छोट्याला पक्कं माहीत होतं की त्याला काही होणार नाही, अगदी आकड्यांनिशी माहीत होतं. एकतीस वर्षं तो या शहराला पाणी पाजत होता. आज पहिल्यांदा कुणी पाणी पिताना बघून त्याला घाम फुटला.

एकोणसाठ. अठ्ठावन्न. मग त्याला शुक्रवार आठवला.

आतापर्यंत तो फक्त ताईचा विचार करत होता. ताईचा गुरुवार सकाळी होता, व्हॉल्व्ह उघडायच्या आधी. ती वाचली होती. पण सेंटर काही ताईपुरतं चालत नव्हतं. नवं पाणी शहरात पोचलं शुक्रवारी पहाटे. शुक्रवारी तिथे कुणीतरी झोपलं असेल, शनिवारीही. ताईच्या शेजारच्या खुर्चीत घड्याळवाले असायचे, निवृत्त घड्याळजी, हसतमुख म्हातारे. ताईचं त्यांच्याशी चार-चार तास भांडण चालायचं, कधी राजकारणावरून तर कधी मिठावरून. ते आठवड्यातून तीनदा यायचे, सोमवार, गुरुवार आणि शनिवार.

छोट्याने सिग्नल सुटायच्या आधीच स्कूटर फुटपाथवर चढवली. पोलीस शिट्टी वाजवत राहिला.

टायरच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. तो जिना दोन-दोन पायऱ्या चढून गेला. दारातून आत पाहिलं तेव्हा घड्याळात सात अठ्ठावन्न झाले होते. चारपैकी तीन मशीन चालू होत्या. नळ्यांतून लाल रक्त फिरत होतं. तिसऱ्या खुर्चीत ताई होती, डोळे मिटून. चौथी खुर्ची, घड्याळवाल्यांची, रिकामी होती.

"बंद करा," छोट्या म्हणाला. धाप लागल्याने ते कुणाला नीट ऐकूच गेलं नाही.

टेक्निशियन बाई वळल्या. पन्नाशीच्या, शिस्तीच्या बाई. त्यांच्या सेंटरमध्ये चप्पल बाहेर काढल्याशिवाय कुणाची आत यायची टाप नव्हती. त्यांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग बनियनकडे.

"भाऊ, काय हे? काय झालं?"

"पाणी बदललंय. त्यात अमोनिया आहे. मशीन बंद करा."

"पाणी मी स्वतः तपासलंय, सहा वाजता." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. "क्लोरीन शून्य. शुक्रवारी शून्य, शनिवारी शून्य. रोज तपासल्याशिवाय मी एकही मशीन लावत नाही. पेशंट घाबरतील, तुम्ही हळू बोला बरं."

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच छोट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्याकडे तपासणीच्या गोळ्यांपैकी फक्त पहिल्या नंबरची होती. पहिली गोळी फक्त मोकळं क्लोरीन दाखवते. अमोनियाला धरून बसलेलं क्लोरीन तिला दिसत नाही. ते दाखवायला वरून तिसऱ्या नंबरची गोळी टाकावी लागते, आणि ती ठेवायची गरज या सेंटरला कधी पडलीच नव्हती. ती आता ठेवा, हेच तर त्याला तोंडी सांगायचं होतं.

"कोळशाच्या टाकीनंतरचा नळ कुठाय?" त्याने विचारलं. "दोन मिनिटं द्या. मी खोटा ठरलो तर जिन्यावरून ढकलून द्या मला."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. तिथे कोळशाची निळी टाकी होती, एकच. साधं क्लोरीन अडवायला ती पुरायची. छोट्याने नळी भरली. घाईत पहिल्या नंबरची एक गोळी खाली पडली, तसलीच आणखी एक काढावी लागली. ती त्याने टाकली, हलवली. पाणी स्वच्छ राहिलं.

"बघा," बाई म्हणाल्या. "शून्य."

छोट्याने त्याच नळीत तिसरी गोळी टाकली. हिला दोन मिनिटं द्यावी लागतात. तो नळी खिडकीच्या उजेडात धरून उभा राहिला. दाराबाहेर मशीनचा घरघर आवाज येत होता. त्या दोन मिनिटांत त्याने मनातल्या मनात काय काय मागितलं म्हणून सांगू. रंग येऊ नये, मी मूर्ख ठरावा, बाईंनी मला सगळ्यांसमोर झापावं, माशांना दुसरंच काही झालेलं असावं. नोकरी गेली तरी चालेल, पण रंग येऊ नये.

आधी तळाशी, गोळीभोवती, गुलाबी धूर उठला. मग तो वर चढला. दोन मिनिटं व्हायच्या आत नळी सरबतासारखी गुलाबी झाली होती.

 बाई धावत बाहेर गेल्या आणि त्यांनी एकामागून एक तिन्ही मशीन थांबवल्या. मग डॉक्टरांना फोन, मग अँब्युलन्सला.  छोट्या ताईच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला.

ताईने डोळे उघडले. "छोट्या," ती म्हणाली, "अंघोळ तरी करून यायचंस."

"कसं वाटतंय तुला?"

"डोकं जड झालंय जरा. मळमळतंय. तू रडतोयस का?"

"नाही," तो म्हणाला.

किती वेळ मशीन चालू होती, त्याने बाईंना विचारलं. बारा मिनिटं, त्या म्हणाल्या. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. विचारला नसता तर बरं, असं त्याला विचारतानाच वाटत होतं.

"घड्याळवाले आज आले नाहीत?"

बाईंनी मोजे काढले. "शनिवारी घरी गेले आणि उलट्या सुरू झाल्या. अंग पिवळं पडलं. काल मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं, आयसीयूत आहेत. रक्तातलं हिमोग्लोबिन एकदम उतरलं म्हणे. शुक्रवारच्या एकीचंही डोकं दुखत होतं, पण ती घरी बरी आहे. मी म्हटलं, घड्याळवाल्यांचं वय झालंय." त्या बोलता बोलता थांबल्या आणि त्यांनी त्या मागच्या खोलीकडे पाहिलं. "भाऊ, आम्हाला कुणी कळवलं कसं नाही?"

यावर काय काय बोलता आलं असतं. पेपरात आतल्या पानावर जाहीर सूचना आली होती. नोटीस बोर्डावर कागद होता. सांगायला कारणं पोत्याने होती.

"यादी मी केली होती," छोट्या म्हणाला. "तुमचं नाव होतं त्यात. मीच खोडलं. म्हटलं, तुम्हाला तोंडी सांगेन."

बाईंनी ड्रॉवरमधून रजिस्टर काढलं आणि त्याच्यापुढे पेन ठेवलं. "हे लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता, तारीख-वेळेसकट."

त्याने लिहून दिलं. अँब्युलन्स येईपर्यंत त्याने आपल्या साहेबांनाही फोन केला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. साहेब म्हणाले की बाकीच्या ठिकाणी मी आत्ता स्वतः फोन करतो, तू कुणाशी काही बोलू नकोस. छोट्या म्हणाला, "बोललोय साहेब. लिहूनही दिलंय."

मोठ्या हॉस्पिटलमध्ये ताईचं रक्त तीनदा तपासलं. पहिला रिपोर्ट यायला दीड तास लागला आणि तेवढ्या वेळात छोट्याने कॉरिडॉरमधल्या फरश्या मोजून संपवल्या. रक्त थोडं उतरलं होतं. दुसऱ्या रिपोर्टमध्ये तेवढंच राहिलं. तिसऱ्यानंतर डॉक्टर म्हणाले, बारा मिनिटांवर निभावलं, उद्या इथेच डायलिसिस करू, इथलं पाणी ठीक आहे. इथे पत्र पोचलं होतं. बरोबरच्या दोघांचंही ठीक होतं. छोट्याचा जीव भांड्यात पडला, पण पुरता पडला नाही. वरच्या मजल्यावर आयसीयू होतं आणि जिना समोरच होता. दुपारभर तो त्या जिन्याकडे पाठ करून बसला.

चारच्या सुमाराला बायकोचा फोन आला. तिने खडे विरघळवून ओतले होते, नंतर भीतीने अजून अर्धा चमचा ओतला होता, आणि सकाळपासून टँकसमोरून उठली नव्हती. "पाच आहेत," ती म्हणाली. "पाच जण खाली उतरलेत, तोंडं हळू हलतायत. तिघांना मी बाहेर काढून वाटीत ठेवलंय. पुढे काय करायचं मला माहीत नाही." मग ती म्हणाली, "नवरदेव वाटीत आहे हो."

छोट्या आत गेला. ताई उशीला टेकून बसली होती. तिच्या हाताला सलाइन होतं आणि चेहऱ्यावर पुन्हा थोडा रंग होता.

"किती राहिले?" तिने विचारलं.

"पाच."

"आणि नवरदेव?"

छोट्याने नकारार्थी मान हलवली. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, म्हणाली, मेला रोज दिवा लावायचा.

"तुला कळलं कसं?" तिने विचारलं. "मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. तू नेमका धावत आलास कसा?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. मासे वर आले होते ते, ड्रम, व्हॉल्व्ह, यादी, लाल पेन. काही लपवलं नाही. तिच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही, म्हणून तो सलाइनच्या बाटलीकडे बघून बोलला. बाटलीतून थेंब पडत होते. सांगून झालं तरी ती काही बोलेना. लहानपणी तो काही फोडून आला की ती अशीच गप्प बसायची आणि त्या गप्प बसण्याला तो माराहून जास्त घाबरायचा.

"म्हणजे माशांनी सांगितलं तुला," ती अखेर म्हणाली.

"हो."

"आणि घड्याळवाल्यांच्या घरी मासे नव्हते."

छोट्याने आता कुठे तिच्याकडे पाहिलं.

"वर आहेत ते. नर्सने सांगितलं मला, शुद्धीवर नाहीत." ताईने सलाइनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्याचं बनियन ओढून सरळ केलं. सकाळपासून तो त्याच अवतारात होता. "त्यांची मुलगी सकाळपासून बाहेर बाकावर बसलीय. तिला वाटतंय की तिचंच पथ्य चुकलं. शनिवारी तिने त्यांना लोणच्याची एक फोड दिली होती, तीच बाधली असं सगळ्यांना सांगत सुटलीय."

"ताई, मला जमणार नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "जा."

एकोणीस पायऱ्या होत्या. सकाळी टायरच्या दुकानाचा जिना तो दोन-दोन पायऱ्या चढला होता. हा एकेक करून चढला, कठड्याला धरून, आणि सकाळपेक्षा जास्त घाबरलेला. वर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर डबा, डब्याचं झाकण तसंच बंद. तिने मान वर करून बनियन-पायजम्यातल्या त्या उंच माणसाकडे पाहिलं.

"तुमचंही कुणी आत आहे का?" तिने विचारलं आणि त्याला बसायला जागा करून दिली.

छोट्या उभाच राहिला. "मी पाणीपुरवठ्यात काम करतो," तो म्हणाला. "तुमच्या लोणच्याने काही झालेलं नाही."